गोल निळ्या पेशींचे कूळ

लहान गोल पेशींची गाठ हे एका रोगाचे नाव नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते त्याचे ते वर्णन आहे. पेशी छोट्या, गोल आणि दाटीवाटीने बसलेल्या असतात. केंद्रक इतके मोठे असते की भोवतीचा पेशीरस नावालाच उरतो. नेहमीच्या रंगप्रक्रियेत हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळे रंगवते, आणि या पेशींत केंद्रकाखेरीज फारसे काही नसल्यामुळे सगळी स्लाइडच निळी दिसते. असे चित्र दाखवणारे कर्करोग डझनभर तरी आहेत. हाडातला युइंग सार्कोमा, स्नायूंच्या पूर्वपेशींशी नाते सांगणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत बहुधा आढळणारा न्यूरोब्लास्टोमा, अपरिपक्व लसिकापेशींचा लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, मूत्रपिंडातला विल्म्स ट्यूमर, तरुण मुलांच्या पोटात पसरणारा डेस्मोप्लास्टिक ट्यूमर हे त्यांतले ठळक. बहुतेक रुग्ण लहान मुले किंवा किशोरवयीन असतात. प्रौढांत फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर आणि त्वचेचा मर्केल पेशींचा कर्करोगही असाच दिसतो.

पालघर, डहाणू, जव्हारच्या घरांच्या भिंतींवरील वारली चित्रांत सगळी माणसे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एवढ्यातच काढलेली असतात. कोण तारपा वाजवतो आणि कोण भात कांडते हे त्यांच्या हातातल्या वस्तूवरून कळते. या पेशींचेही तसेच आहे. चेहरा एक, म्हणून हातात काय आहे ते पाहावे लागते. पेशीच्या हातातली वस्तू म्हणजे तिच्यातली प्रथिने. स्नायूच्या वाटेने निघालेली पेशी स्नायूंची प्रथिने बनवते, चेतातंतूच्या वाटेवरची चेतापेशींची, आणि रक्तपेशींच्या कुळातली त्या कुळाची. कर्करोग झाला तरी ही सवय बहुधा पूर्णपणे सुटत नाही. या खुणेच्या प्रथिनांना मार्कर म्हणतात. ती ऊतीच्या कापात प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंगवून दाखवण्याच्या पद्धतीचे नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. रुग्णालयात सगळे तिला आयएचसी म्हणतात.

कूळ ठरवण्याचा एवढा खटाटोप उपचारांसाठी असतो. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाला साधारण दोन ते तीन वर्षे औषधे द्यावी लागतात. हाडात गाठ दिसली तरी ते हाड कापून काढण्याची गरज सहसा पडत नाही. युइंग सार्कोमात वेगळ्या औषधांचा काही महिन्यांचा क्रम असतो, आणि मूळ जागी शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा दोन्ही करावे लागतात. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाची औषधे आणखी निराळी. न्यूरोब्लास्टोमात तर वय आणि जनुकीय गुण पाहून काही तान्ह्या मुलांना नुसते निरीक्षणाखाली ठेवतात, तर काहींना अतिशय कडक उपचार लागतात. न पसरलेल्या युइंग सार्कोमाचे सुमारे ७० टक्के रुग्ण मोठ्या केंद्रांत पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. ही संख्या योग्य औषध योग्य रोगाला मिळाले तरची आहे. चुकीचे कूळ लिहिले गेले, तर लिम्फोमाच्या मुलाच्या पायावर नको ती शस्त्रक्रिया होऊ शकते.

न्यूयॉर्कचे रोगनिदानतज्ज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये हाडातल्या अशा एका गाठीचे वर्णन केले आणि ती रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येत असावी असे म्हटले. तो अंदाज चुकला, पण नाव राहिले. पुढची अनेक दशके निदानाची साधने तुटपुंजी होती. पेशीत ग्लायकोजेन आहे का हे दाखवणारा पीएएस रंग वापरला जाई, कारण युइंग सार्कोमाच्या पेशींत ते साठलेले असते. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमातही ते असते हे लक्षात आल्यावर त्या रंगाचा भरवसा उरला नाही. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. त्यात स्नायूंचे तंतू किंवा चेतापेशींचे सूक्ष्म कण दिसत, पण यंत्र महाग आणि काम संथ.

खरी वाट दाखवली ती प्रतिपिंडांनी. १९४१ मध्ये हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून ऊतीतला नेमका पदार्थ शोधता येतो हे दाखवले. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या आधुनिक रोगनिदानशास्त्राचा पाया त्यांनी घातला असे मानले जाते, आणि ते वाजवीच आहे. १९६६ मध्ये चमकत्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर जोडण्याची युक्ती निघाली आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीच निकाल वाचता येऊ लागला. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकजिनसी प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधली. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. १९९१ मध्ये आणखी एक शोध लागला. फॉर्मॅलिनने झाकली गेलेली प्रथिने गरम द्रावणात उकळून पुन्हा उघडी करता येतात असे दिसून आले, आणि जुन्या ब्लॉकमधल्या गाठीही तपासता येऊ लागल्या.

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरकरांच्या दृष्टीने यात एक योगायोग आहे. टाटा मेमोरियल १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६९ मध्ये वीज देऊ लागलेले तारापूरचे अणुवीज केंद्रही त्याच विभागाचे. देशातले पहिले अणुवीज केंद्र आणि देशातले सर्वांत नावाजलेले कर्करोग रुग्णालय असे एकाच खात्याच्या छत्राखाली आहेत. मात्र अंतर आहे ते आहेच. बोईसरहून दादरपर्यंतचा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरचा. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली म्हणून तो थोडा सोपा झाला. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला मात्र आधी स्टेशनच गाठावे लागते.

आयएचसीची कृती ऐकायला सोपी आहे. फॉर्मॅलिनमध्ये पक्की झालेली ऊती मेणात बसवतात. हाच तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात. मेण काढून काप गरम द्रावणात ठेवतात, मग त्यावर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड टाकतात आणि त्याला चिकटणारे दुसरे, विकर जोडलेले प्रतिपिंड. शेवटी डीएबी हे रसायन टाकले की जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकी केंद्रके हलकी निळी. प्रत्येक मार्करसाठी वेगळा काप लागतो. सुईने काढलेला तुकडा काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून कोणते मार्कर आधी लावायचे यातच तज्ज्ञाची पारख दिसते. सरसकट वीस मार्कर मागवणाऱ्याला शेवटी जनुकीय चाचणीसाठी ऊतीच उरत नाही.

रंग आला की नाही एवढे पाहून भागत नाही. तो कुठे आला ते महत्त्वाचे. सीडी९९ हे प्रथिन युइंग सार्कोमात पेशीच्या आवरणावर ठसठशीत कडा उमटवते. पेशीरसात पसरलेला फिकट तपकिरी डाग म्हणजे सीडी९९ होकारार्थी नव्हे. युइंगचे दुसरे दोन मार्कर, एफएलआय१ आणि एनकेएक्स२.२, केंद्रकात दिसले पाहिजेत. मायोजेनिन आणि मायोडी१ हीदेखील केंद्रकातली प्रथिने. स्नायूचे कूळ सांगण्यात ती सर्वांत भरवशाची, तर डेस्मिन पेशीरसात दिसते आणि जरा उदार हाताने होकार देते. डेस्मोप्लास्टिक ट्यूमरमध्ये डेस्मिन केंद्रकाजवळ ठिपक्यासारखे गोळा होते. तो ठिपका, केरॅटिनचा होकार आणि डब्ल्यूटी१ प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला चिकटणारे प्रतिपिंड एकत्र आले की निदान जवळजवळ हातात येते. विल्म्स ट्यूमरमध्येही डब्ल्यूटी१ असते, पण तिथे पूर्ण प्रथिन असते. डेस्मोप्लास्टिकमध्ये जनुक तुटून दुसऱ्याला जोडले गेल्याने शेवटचा भागच उरतो. एकाच प्रथिनाची दोन टोके अशी दोन रोग वेगळे करतात.

न्यूरोब्लास्टोमासाठी सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन आणि त्यांहून नेमके पीएचओएक्स२बी वापरतात. या गाठीत सीडी९९ नसते, आणि कधी कधी तो नकारच सर्वांत उपयोगी पडतो. काही गाठींत तर हरवलेले प्रथिन हीच खूण असते. आयएनआय१ हे प्रथिन शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. ऱ्हॅब्डॉइड ट्यूमरच्या पेशींत ते नसते. तेव्हा गाठीच्या पेशी निळ्याच राहतात आणि मधल्या रक्तवाहिन्यांच्या व लसिकापेशींच्या केंद्रकांत तपकिरी रंग दिसतो. त्या निरोगी पेशीही रंगल्या नाहीत, तर दोष गाठीचा नसून प्रक्रियेचा आहे असे समजावे.

सर्वांत जास्त घोटाळा सीडी९९ ने केला. त्याचे प्रतिपिंड १९९१ च्या सुमारास युइंग सार्कोमाच्या निदानात आले तेव्हा कोडे सुटले असे वाटले होते. मग दिसू लागले की लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, सायनोव्हियल सार्कोमा, मेसेंकायमल कॉन्ड्रोसार्कोमा आणि इतर काही गाठींतही ते येते. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा सापळा तर फारच चांगला रचलेला आहे. मुलाच्या मांडीच्या हाडात गाठ, सीडी९९ होकारार्थी, एफएलआय१ होकारार्थी. श्वेतपेशींचा सर्वसाधारण मार्कर सीडी४५ या अपरिपक्व पेशींत पुष्कळदा नसतो. बी कुळातल्या लिम्फोमाची एरवीची खूण सीडी२० हीदेखील बहुधा नसते. इतक्यावर थांबले तर अहवालावर युइंग सार्कोमा लिहिले जाते. टीडीटी हा एक मार्कर लावला की चित्र पालटते, कारण तो अपरिपक्व लसिकापेशींच्या केंद्रकात असतो आणि युइंगमध्ये नसतो. त्याच्या जोडीला पॅक्स५, सीडी७९ए किंवा सीडी३ लावून बी की टी हे ठरते. म्हणून हाडातल्या गोल पेशींच्या गाठीत टीडीटी न लावता दिलेले युइंगचे निदान अपुरे समजावे.

उलट दिशेनेही फसगत होते. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाचा अल्व्हिओलर प्रकार अधूनमधून सिनॅप्टोफायसिन आणि केरॅटिन दाखवतो, म्हणजे चेतापेशींचा किंवा त्वचेच्या कुळाचा भास होतो. गाठीत अडकलेले दुखावलेले निरोगी स्नायू मायोजेनिन दाखवतात, आणि ते गाठीचेच आहे असे वाटू शकते. मेलेल्या ऊतीला प्रतिपिंडे कारणाशिवाय चिकटतात. बायोप्सीत चिरडल्या गेलेल्या पेशी तर वाचण्यासारख्याच नसतात. एकूण, एका मार्करवर उभे केलेले निदान डळमळीत असते. होकार आणि नकार दोन्ही मोजून, मुलाचे वय, गाठीची जागा आणि एक्स-रे किंवा एमआरआयचे चित्र यांच्याशी ते जुळवावे लागते. पाच वर्षांखालच्या मुलाच्या पोटातली गाठ आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडातली गाठ यांची सुरुवातीची यादीच वेगळी असते.

मार्करांच्या पलीकडे जनुके आहेत. युइंग सार्कोमात २२ व्या गुणसूत्रावरचे ईडब्ल्यूएसआर१ हे जनुक तुटून बहुधा ११ व्या गुणसूत्रावरच्या एफएलआय१ ला जोडले जाते. हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. सुमारे ८५ टक्के रुग्णांत हीच जोडी असते. ती फिश किंवा आरटी-पीसीआर चाचणीत शोधता येते. ईडब्ल्यूएसआर१ तुटलेले आहे एवढेच दाखवणारी फिश चाचणी मात्र पुरेशी नसते, कारण डेस्मोप्लास्टिक ट्यूमर आणि आणखी काही गाठींतही हेच जनुक वेगळ्या जोडीदाराबरोबर सापडते. युइंगसारख्या दिसणाऱ्या पण हा बदल नसलेल्या गाठींचा गट गेल्या काही वर्षांत वेगळा काढला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात सीआयसी जनुकाचा सार्कोमा आणि बीसीओआर जनुकाचा सार्कोमा यांना स्वतंत्र जागा मिळाली. सीआयसी गटात सीडी९९ तुटक दिसते, डब्ल्यूटी१ आणि ईटीव्ही४ होकारार्थी येतात, आणि रोग युइंगपेक्षा आक्रमक असतो. बीसीओआर गटात बीसीओआर, एसएटीबी२ आणि सायक्लिन डी१ दिसतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. भारत रेखी आणि सहकाऱ्यांनी या गटांतल्या भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या मार्करांची पारख आपल्याकडच्या ऊतींवर, आपल्याकडच्या फॉर्मॅलिनमध्ये झालेली असणे उपयोगाचे ठरते.

फॉर्मॅलिनचा उल्लेख उगीच केलेला नाही. परळच्या प्रयोगशाळेत कितीही चांगली प्रतिपिंडे असली, तरी निकाल बराचसा बायोप्सी झालेल्या गावातच ठरून गेलेला असतो. युइंग सार्कोमात ताप येतो, भाग सुजतो, गरम लागतो, ईएसआर वाढतो. म्हणून त्याला हाडातला जंतुसंसर्ग समजून चीर देण्याचे प्रकार जगभर घडतात. आत पूसदृश पदार्थही दिसू शकतो. तो मेलेल्या गाठीचा चिखल असतो. अशा वेळी सगळा माल जंतूंच्या चाचणीसाठी सलाइनमध्ये पाठवला गेला, की पेशी फुगतात, विरघळतात आणि प्रथिने कुजू लागतात. नियम साधा आहे: थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी, बाकी सगळा लगेच दहा टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये. लिम्फोमाचा संशय असेल तर थोडी ताजी ऊतीही वेगळी ठेवावी, पण ती कुठे आणि कशी पाठवायची हे आधी फोनवर ठरवून.

बाजारात मिळणारे फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड वायू. रेझिन, प्लायवूड आणि कापडप्रक्रियेत लागणारे हे रसायन आहे, त्यामुळे तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत त्याचे नाव नवे नाही. ते दहापट पातळ करून, आम्लता सांभाळणारे क्षार घालून वापरायचे. ऊतीच्या किमान दहापट द्रावण असावे. औषधाच्या छोट्या बाटलीत तुकडा कोंबून वर चार थेंब टाकल्याने काही साधत नाही. द्रावण तासाला साधारण एक मिलिमीटर आत जाते, म्हणून मोठा तुकडा आतून कच्चाच राहतो. सुईने काढलेल्या तुकड्याला सहा तास तरी हवेत. तीन-चार दिवसांहून अधिक काळ बाटली पडून राहिली तर काही मार्कर फिके पडतात. शनिवारी दुपारी काढलेली बायोप्सी सोमवारच्या लोकलने गेली तरी चालते, बाटली भरलेली आणि नाव, वेळ, जागा लिहिलेली असेल तर.

हाडाच्या तुकड्याला आणखी एक धोका असतो. कापता यावे म्हणून त्यातले कॅल्शियम काढावे लागते. तीव्र आम्लात ते लवकर निघते, पण त्याच आम्लात डीएनए आणि आरएनए तुटते, आणि नाजूक मार्करही जातात. ईडीटीएमध्ये दिवस लागतात, पण ऊती शाबूत राहते. गोल पेशींच्या संशयात मऊ भाग वेगळा काढून तो आम्लाविना प्रक्रियेत टाकणे सर्वांत शहाणपणाचे. याहून शहाणपणाचे म्हणजे बायोप्सीच तिथे करणे जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. सुईची वाट पुढे कापून काढायच्या रेषेत असावी लागते. बोईसरमध्ये आडवी घातलेली चीर परळच्या शल्यचिकित्सकाचा पाय वाचवण्याचा बेत बिघडवू शकते. मुलाच्या हाडात अशी गाठ एक्स-रेत दिसली, की तिला हात न लावता पुढे पाठवणे हेच स्थानिक डॉक्टरचे मोठे काम.

तारापूर परिसरात असे निदान झाले की कारणाचा प्रश्न लगेच येतो. एका बाजूला अणुभट्टी, दुसऱ्या बाजूला रसायनांचे कारखाने. युइंग सार्कोमातली जनुकांची तोडजोड जन्मानंतर एखाद्या पेशीत होते. ती आईवडिलांकडून येत नाही, आणि किरणोत्सर्गाशी किंवा एखाद्या रसायनाशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही. आफ्रिकी आणि पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत हा रोग फार कमी दिसतो, यावरून मूळच्या जनुकीय घडणीचा काही वाटा असावा असे मानतात. भारतात तो दुर्मिळ असला तरी मोठ्या केंद्रांत नेहमी दिसतो. आयएचसीचा अहवाल गाठीचे कूळ सांगतो, तिचे कारण सांगत नाही. प्रदूषणाविरुद्धची तक्रार रास्त असली तरी तिचा पुरावा या स्लाइडवर शोधू नये.

अहवालाच्या कागदावर प्रत्येक मार्करपुढे होकार, नकार किंवा तुटक होकार लिहिलेला असतो, आणि शेवटी निदान. कधी ते ठाम असते, कधी युइंगशी सुसंगत, जनुकीय चाचणी करावी असे सावध असते. हा सावधपणा टाळाटाळ नसून प्रामाणिकपणा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांना मंजुरी मिळवतानाही ऊतीच्या तपासणीचा अहवाल लागतो. खाजगी प्रयोगशाळेतला अहवाल घेऊन टाटाला गेलेल्या कुटुंबाकडे तिथे ब्लॉक आणि स्लाइड मागतात, कारण मोठे केंद्र दुसऱ्याच्या कागदावर किमोथेरपी सुरू करत नाही. ब्लॉक हा रुग्णाचा असतो, तो मागून घेता येतो. तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, मेण वितळते. नीट सांभाळलेल्या ब्लॉकमधून अनेक वर्षांनी नवे काप काढता येतात. रोग परतला, किंवा बीसीओआरसारखा मार्कर नंतर उपलब्ध झाला, तर त्याच तुकड्यावर नव्याने तपासणी करतात, आणि क्वचित जुने निदान बदलतेही.